इंग्रजी समजतं, पण बोलताना अडतं? मग सराव असा करून बघा

इंग्रजी सिनेमा सबटायटल्सशिवाय कळतो. ईमेलही वाचता येतो. पण मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की घशाला कोरड पडते. तुमचंही असंच होतं का?

महाराष्ट्रात 2000 सालापासून सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरीही अनेकांची ही अडचण सुटलेली नाही. कारण आपण नियम पाठ करतो, वापरत नाही.

चुका नेमक्या कुठे होतात?

बऱ्याच चुका मराठीतून थेट उचललेल्या असतात.

‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ करतो. मराठीत ‘पासून’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, इंग्रजीत चालत नाही. किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर’, कधीपासून हे सांगायचं असेल तर ‘सिन्स’. म्हणून बरोबर वाक्य : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. वर्ष सांगायचं असेल तर शेवटी ‘सिन्स 2022’.

तसंच ‘त्याबद्दल चर्चा करू’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ तोंडात येतं. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’ म्हणतो, तिथे ‘टू’ हवं.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून ते हमखास गळतात. ‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून ठरतं. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

रोज 50 शब्द पाठ करावेत का?

नको. आठवड्याभरात त्यातले बरेचसे विसरले जातात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं.

त्यावर जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात एक सोपी पद्धत मांडली. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ लिहा. पाच कप्पे करा. अर्थ आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे जास्त दिवसांच्या अंतराने. त्यामुळे अवघड शब्द वारंवार समोर येतात आणि येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही.

कोणते शब्द आधी?

नेहमी लागणारे. मायकल वेस्ट यांनी ढाक्यात शिकवताना हाच विचार केला होता. त्यांची सुमारे 2,000 शब्दांची यादी 1953 मध्ये आली. शब्द सुटा नको, वाक्यासकट लिहा. फक्त ‘डिसिजन’ नाही, तर ‘मेक अ डिसिजन’.

रोज 15 मिनिटांत काय करता येईल?

- पाच मिनिटं कार्डं.
- पाच मिनिटं आजच्या दिवसाबद्दल पाच वाक्यं लिहा.
- पाच मिनिटं तीच वाक्यं मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका.

सापडलेली चूक वहीत बरोबर वाक्यासह लिहा. महिन्याभराने वही चाळलीत, तर त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतील. संपूर्ण व्याकरणाला घाबरण्यापेक्षा आधी त्या चार-पाच सुधारा.