तक्त्यात न मावलेली मूलद्रव्ये

आरे कॉलनीचे नाव निघाले की आम्हां मुंबईकरांना प्रथम दूध आठवते. 1949 मध्ये येथे दुग्धवसाहत उभी राहिली आणि शहरातील कित्येक मुलांची हाडे याच दुधातील कॅल्शियमवर पोसली. हेच कॅल्शियम मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासातही वारंवार भेटते आणि आरंभीचे प्रयत्न कोठे अपुरे पडले ते दाखवून देते.

1829 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांनी समान गुणधर्मांच्या मूलद्रव्यांची ‘त्रिके’ मांडली. कॅल्शियमचा अणुभार 40, बेरियमचा 137. दोहोंची सरासरी 88.5 आणि मधल्या स्ट्रॉन्शियमचा अणुभार सुमारे 88. मेळ विलक्षण होता. परंतु अशी त्रिके बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. उरलेल्या मूलद्रव्यांना घरच मिळेना.

पुढे 1865 मध्ये इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडणी केली. ‘सा’पासून निघून वरच्या ‘सा’ला पोहोचावे, तसे प्रत्येक आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते, असे त्यांना आढळले. हा सूर कॅल्शियमपर्यंत जुळला, पुढे बिघडला. क्रम सांभाळण्यासाठी त्यांनी कोबाल्ट व निकेल हे धातू एकाच घरात बसविले, तेही क्लोरीनच्या रांगेत! 1866 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत एका सभासदाने त्यांना विचारले, “मुळाक्षरांच्या क्रमाने मांडून पाहिलेत काय?” ही थट्टा अनुदार होती. दिशा बरोबर होती, म्हणूनच 1887 मध्ये न्यूलँड्स यांना डेव्ही पदक मिळाले. उणीव ही की, अद्याप न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी त्या तक्त्यात जागा नव्हती.

रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये ती जागा सोडली. कॅल्शियमच्या पुढचे रिकामे घर 1879 मध्ये स्कँडियमने भरले. तथापि 1894 मध्ये आरगॉन वायू सापडला, तेव्हा त्याच्यासाठी मेंडेलीव्ह यांच्याकडेही रांग नव्हती. तो नवे मूलद्रव्य आहे, हे मानायला ते आरंभी तयारच नव्हते. अखेर तक्त्यात एक नवी रांग वाढवावी लागली.

आरेला आम्ही ‘दुग्धवसाहत’ म्हणतो. परंतु वारली बांधवांचे पाडे त्या नावाच्या आधीपासून तेथे आहेत. एका नावात सारे मावत नाही. मुलांकडून आवर्त सारणी पाठ करून घेताना तिच्यात एके काळी कोणाला जागा नव्हती, हेही आपण त्यांना सांगावे.