गव्हर्नरची मर्जी आणि वर्ध्याचा निवाडा

मध्यप्रांत व वऱ्हाड या जोडप्रांताची राजधानी नागपूर. परंतु १९३८ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्या प्रांताच्या प्रधानमंडळाचे भवितव्य नागपुरात नव्हे, तर तेथून सुमारे पन्नास मैलांवर असलेल्या वर्धा या जिल्ह्याच्या गावी ठरले. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा कापसाच्या बाजारपेठांपलीकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी येथे वास्तव्यास आले, आणि १९३६ च्या एप्रिल अखेरीस त्यांनी शेगाव, म्हणजे पुढचे सेवाग्राम, येथे मुक्काम केला, तेव्हापासून काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका वारंवार वर्ध्यास भरू लागल्या. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेसजनांनी अधिकारपदे स्वीकारावीत, हा १९३७ च्या जुलैमधील निर्णयही वर्ध्याचाच. त्याच निर्णयाच्या आधारे अधिकारावर आलेल्या नागपूरच्या प्रधानमंडळाचा शेवट जेमतेम एका वर्षाने त्याच गावी व्हावा, हा योगायोग विलक्षण खरा. पण त्या शेवटाचा आरंभ जिथे झाला ते स्थान मात्र नागपूरचे गव्हर्नमेंट हाऊस होते, ही गोष्ट त्या प्रकरणावर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गौण मानली. मला तीच प्रधान वाटते.

डॉ. नारायण भास्कर खरे हे नागपुरातील नामांकित वैद्यकव्यावसायिक. त्यांच्या नेतृत्वाखाली जुलै १९३७ मध्ये जे प्रधानमंडळ बनले, त्यात मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या, आणि त्याहून अधिक दोन स्वभावांच्या, माणसांना एकत्र बसावे लागले. महाकोशलचे पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे एका बाजूस, तर वऱ्हाडचे रामराव देशमुख व पुरुषोत्तम बळवंत गोळे हे दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी लवकरच उघड झाली. न्यायखात्याचे प्रधान महंमद युसुफ शरीफ यांना एका कैद्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या प्रकरणी, सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्या चौकशीनंतर, पद सोडावे लागल्याने मंडळाची प्रतिष्ठा आधीच खालावली होती. मे १९३८ मध्ये सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृतींनी पचमढीच्या उन्हाळी राजधानीत जाऊन उभय पक्षांत एक तहनामा घडवून आणला. तो दोन महिनेही टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला. देशमुख व गोळे यांनी त्यांचे अनुकरण केले. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मुख्य प्रधान गेला की सारे मंडळ गेले, असे धरून गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी उरलेल्या तिघांकडेही राजीनामे मागितले. कार्यकारिणीची बैठक २३ तारखेपासून वर्ध्यास भरणार होती. पक्षाची आज्ञा मिळेपर्यंत आपण पद सोडू शकत नाही, असे शुक्ल, मिश्र व मेहता यांचे म्हणणे पडले. रात्रभर खलबते झाली, आणि २१ तारखेच्या पहाटे गव्हर्नरांनी कायद्याने दिलेल्या अधिकारात या तिघांना बडतर्फ केले. त्याच दिवशी ज्यांचा राजीनामा आदल्या दिवशी घेतला, त्या डॉ. खऱ्यांनाच नवे प्रधानमंडळ बनवण्यास सांगून त्यांचा शपथविधी उरकण्यात आला. देशमुख व गोळे परत आले. ठाकूर प्यारेलाल सिंह आणि अस्पृश्य समाजातील रामेश्वर अग्निभोज हे नव्याने आले. अवघ्या काही तासांत एका प्रांताचे सरकार मोडले आणि जोडलेही गेले.

कायदेपंडिताच्या दृष्टीने वायली यांच्या कृतीत दोष काढणे कठीण आहे. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याचे ५१ वे कलम स्पष्ट होते: प्रधानांची निवड गव्हर्नरने करावी आणि गव्हर्नरची मर्जी असेपर्यंत त्यांनी हुद्द्यावर राहावे. त्या कायद्यात पक्षाच्या कार्यकारिणीस स्थान नव्हते, तिच्या आज्ञेची वाट पाहण्याचे बंधनही गव्हर्नरवर नव्हते. हे मान्य करूनच पुढे जावे लागते. वायलींवर लबाडीचा आरोप करणे अन्यायाचे होईल. आधीचे गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या निधनानंतर मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी सूत्रे हाती घेतली होती. दोन महिनेही पुरते झाले नव्हते, आणि प्रांताच्या राजकारणातील अंतःप्रवाह ओळखण्यास तेवढा अवधी अपुराच म्हणावा लागेल.

परंतु राज्यकारभार केवळ कलमांवर चालत नाही. कलमांच्या भोवती जे संकेत, जी मर्यादा आणि जी सवय हळूहळू जमत जाते, तिच्यावर तो चालतो, हे परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक राजकीय विचारवंताचे आद्य सूत्र आहे. प्रांतिक स्वायत्ततेचे असे संकेत त्या वर्षभरात रुजूही लागले होते. जून १९३७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी, गव्हर्नर आपल्या विशेष अधिकारांचा वापर करून प्रधानांशी कलह ओढवून घेणार नाहीत, असा दिलासा जाहीरपणे दिला. त्या दिलाशावर विसंबूनच वर्ध्याचा जुलैचा निर्णय झाला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये राजबंद्यांच्या सुटकेवरून बिहार आणि संयुक्त प्रांत येथील प्रधानमंडळांनी राजीनामे दिले. तेथील गव्हर्नरांनी घाई केली नाही, सुमारे दहा दिवस वाटाघाटी चालल्या आणि तीच मंडळे पुन्हा कामावर रुजू झाली. मे महिन्यात ओरिसात हंगामी गव्हर्नरच्या नेमणुकीवरून पेच आला, तर सर जॉन हबक यांनी आपली रजाच रद्द करून तो सोडवला. तिन्ही ठिकाणी थांबणे हाच राजनीतीचा गाभा ठरला. नागपुरात थांबण्यास दोन दिवस पुरले असते. ते दोन दिवस का दिले गेले नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला वायली यांच्या बाजूने कोठेही सापडत नाही. प्रांतावर कोणते संकट कोसळत होते? कोणता बंडावा, कोणती आग, कोणता दुष्काळ २३ तारखेची वाट पाहू देत नव्हता?

याहूनही गंभीर आक्षेप असा, की बहुमत कोणाच्या मागे आहे हे पाहण्याची तसदीच घेतली गेली नाही. ११२ सभासदांच्या विधानसभेत काँग्रेसचे ७० सभासद होते; त्या पक्षाचा विश्वास डॉ. खऱ्यांवर आहे की नाही, हे त्या सभासदांना विचारूनच ठरवता आले असते. १९३१ साली रॅम्से मॅकडोनल्ड यांनी मजूर पक्षाच्या मंडळाचा राजीनामा देऊन लगेच राष्ट्रीय मंडळाचे नेतृत्व पत्करले, तेव्हा पंचम जॉर्ज यांच्यावर टीका झालीच; तथापि त्या मंडळाला हुजूर आणि उदारमतवादी पक्षांचा पाठिंबा होता, आणि पार्लमेंटापुढे जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. नागपूरच्या नव्या मंडळाला असा कोणताही आधार नव्हता. त्याचा एकमेव आधार गव्हर्नरची मर्जी हाच होता. गांधीजींनी ऑगस्टच्या आरंभी ‘हरिजन’मध्ये जे लिहिले त्याचा आशय हाच, की गव्हर्नरांनी कायद्याच्या शब्दाचे पालन केले, पण काँग्रेस आणि ब्रिटिश सरकार यांच्यातील अलिखित कराराच्या आत्म्याचा घात केला.

यापुढील घटनाक्रम वर्ध्याचा. काँग्रेसच्या पार्लमेंटरी उपसमितीने डॉ. खऱ्यांना बोलावून घेतले. २३ जुलैला त्यांनी नव्या मंडळाचाही राजीनामा दिला. २५ तारखेस त्यांना शेगावी गांधीजींकडे नेण्यात आले, तेथे एका निवेदनाचा मसुदा तयार झाला, गांधीजींनी त्यात स्वहस्ते दुरुस्त्या केल्या; त्यावर सही करण्यास डॉक्टरांनी अखेर नकार दिला. दुसऱ्याच दिवशी सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारिणीने त्यांना शिस्तभंगाबद्दल दोषी ठरवून, जबाबदारीची पदे धारण करण्यास ते अपात्र असल्याचा ठराव केला. त्याच ठरावात गव्हर्नरच्या अशोभनीय घाईचाही निषेध होता. २७ तारखेला नवभारत विद्यालयात विधिमंडळातील काँग्रेस पक्ष जमला. नऊ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, जेथे वर्धा शिक्षण योजनेची परिषद भरली, तीच ही शाळा. तेथे शुक्ल नेते निवडले गेले, आणि महिना संपण्याआधी नागपुरात त्यांचे मंडळ अधिकारावर आले.

डॉ. खऱ्यांनी त्याच वर्षी ‘माय डिफेन्स’ या नावाने आपली कैफियत छापली. तिचा सारा रोख कार्यकारिणीकडे होता: प्रांताचा मुख्य प्रधान मतदारांना जबाबदार की वर्ध्यात बसलेल्या चार माणसांना, हा तिचा प्रश्न. अग्निभोज यांच्यासारख्या अस्पृश्यास प्रधान केल्याबद्दलही आपल्याला दोष देण्यात आला, हे त्यांचे म्हणणे डॉ. आंबेडकरांनी पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून काँग्रेसविरुद्ध वापरले. विदर्भातील जुन्या वळणाच्या राजकारण्यांची, टिळक संप्रदायातील प्रतिसहकारवाद्यांची आणि हिंदुमहासभेकडे कल असणाऱ्यांची सहानुभूती डॉक्टरांकडे होती. त्यात भाषिक दुखावलेपणही मिसळले. मराठी मुख्य प्रधान जाऊन हिंदीभाषी आला, हे शल्य खोल होते, आणि १ ऑक्टोबर १९३८ रोजी रामराव देशमुखांनी मांडलेला स्वतंत्र विदर्भ प्रांताचा ठराव त्याच विधानसभेने मंजूर केला, त्याची पार्श्वभूमी या शल्याशिवाय समजत नाही. सर रेजिनाल्ड कूपलंड यांनीही आपल्या अभ्यासात, काँग्रेसच्या मध्यवर्ती नियंत्रणाने प्रांतिक स्वायत्ततेला पोखरले, अशीच टीका केली. या टीकेत सत्यांश मोठा आहे. ज्या निर्णयावर नागपूरच्या सभागृहात, प्रेक्षकांच्या देखत, पक्ष-प्रतिपक्षांच्या भाषणांनंतर मतदान व्हायला हवे होते, तो वर्ध्याच्या बंद बैठकीत झाला, हे लोकशाहीच्या दृष्टीने इष्ट नव्हते.

माझे दुःख निराळे आहे. परंपरानिष्ठ राजकारणाचा खरा वकूब घाईला नकार देण्यात, संस्थेला व्यक्तीहून वरचढ मानण्यात आणि अधिकार असूनही तो न वापरण्याच्या संयमात असतो. या तीनही कसोट्या वायली यांच्या त्या रात्रीच्या कृतीला लावण्याचे काम इतर कोणाहून अधिक विदर्भातील या जुन्या वळणाच्या मंडळींचे होते. बाजीरावाच्या अमदानीचे दाखले देणाऱ्या, न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या सनदशीर शिस्तीत वाढलेल्या या पिढीला, राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या कारभाराचा परिणाम काय होतो हे शिकवण्याची गरज नव्हती. पण वर्ध्यावरील रोषाने त्यांची दृष्टी व्यापली. काँग्रेसश्रेष्ठींची हुकूमशाही त्यांना दिसली, आणि गव्हर्नरने कायद्याचा आधार घेतला एवढ्यावर त्यांनी त्याला मोकळे सोडले. शत्रूचा शत्रू म्हणून ज्या अधिकाराची तरफदारी केली जाते तो अधिकार पुढे आपल्यावरही चालवला जाईल, हा विचार त्या क्षणी मागे पडला.

तो चालवला गेला. युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये शुक्ल मंडळाने राजीनामा दिला, आणि वायली यांनी ९३ व्या कलमान्वये साऱ्या प्रांताची मुखत्यारी स्वतःकडे घेतली; विधिमंडळ नावाला उरले. १९४० साली त्यांच्या जागी सर हेन्री ट्वायनम आले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबर रोजी पवनारहून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये १६ तारखेला वर्धा जिल्ह्यातील आर्वी तहसिलीत आष्टी येथे आणि त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाले. जमावातील माणसे मेली, पोलीसही मेले. चिमुरात त्यानंतर फौज आली, आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या हकीकती नागपूरपर्यंत पोहोचल्या.

या वेळी मात्र परंपरानिष्ठ पक्षाने आपले काम केले. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे गोलमेज परिषदेस जाऊन आलेले, सैनिकी शिक्षणाचे पुरस्कर्ते, ‘छोडो भारत’ आंदोलनाचे विरोधक. सरकारला त्यांच्यावर काँग्रेसी पक्षपाताचा आळ घेता येणे शक्यच नव्हते. ते स्वतः चिमुरास गेले, तेथील लोकांची जबानी ऐकली आणि निःपक्षपाती चौकशीची मागणी त्यांनी गव्हर्नरच्या सरकारपुढे ठेवली. १९३८ मध्ये जे बोलणे आवश्यक होते, ते १९४२ मध्ये या वयोवृद्ध माणसाने बोलून दाखवले: सत्ताधाऱ्याला कायद्याने काय करता येते एवढेच पाहून भागत नाही, प्रजेपुढे आपल्या कृतीचा जाब द्यायला तो तयार आहे की नाही, हे पाहावे लागते. डॉ. मुंजे यांच्या अन्य अनेक मतांशी माझा विरोध आहे. या एका कृतीबद्दल त्यांचे ऋण मानल्यावाचून राहवत नाही.

पण जाब विचारण्याची जागाच उरली नव्हती. विधिमंडळ भरत असते, तर आष्टी-चिमूरवर स्थगन ठराव आला असता, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली असती, वर्तमानपत्रांत ती छापली गेली असती. सभागृह बंद, बातम्यांवर बंदी, आणि सर्वाधिकार एका माणसाच्या ठायी, अशा स्थितीत सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण आरंभले. ते ६३ दिवस चालले. १२ जानेवारी १९४३ रोजी तडजोड होऊन ते सुटले; चिमूरविषयीच्या मजकुरावरील बंदी सरकारने उठवली, चौकशी मात्र केली नाही.