शॅम्बल्स: खाटकांच्या गल्लीतलं चुकीचं घर

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची एक अरुंद गल्ली आहे. हॅरी पॉटरमधला जादूगारांचा बाजार हिच्यावरूनच सुचला, असं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात. लेखिकेनं ते नाकारलंय, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.

मुळात ही खाटकांची गल्ली. इथल्या मांसबाजाराचा उल्लेख 1086 च्या डूम्सडे बुकात सापडतो. लाकडी घरांचे वरचे मजले इतके पुढे आलेत की मधे आभाळाची नुसती चिंधी दिसते. त्या सावलीनं मांसाला ऊन लागायचं नाही. काही दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत.

मार्गारेट क्लिदरो ही इथल्याच एका खाटकाची बायको. पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवणं म्हणजे गुन्हा, आणि ती तेच करत होती. पकडली गेल्यावर कोर्टात तिनं 'दोषी' की 'निर्दोष' हे सांगायलाच नकार दिला. का? उत्तर दिलं की खटला उभा राहणार, आणि साक्षीला तिचीच पोरं आणणार. उत्तर न देणाऱ्याला शिक्षा ठरलेली: अंगावर दार ठेवून वर दगड रचायचे. 25 मार्च 1586 ला ती तशीच गेली. 1970 मध्ये पोपनी तिला संत घोषित केलं.

आज 35 नंबरच्या घरात तिचं प्रार्थनास्थळ आहे. गंमत म्हणजे, ती बहुधा समोरच्या ओळीत राहायची! मधल्या काळात घरांचे नंबर बदलले. आमच्या भाषेत, डेटा हलला पण पॉइंटर जुनाच राहिला. भाविक मात्र 35 नंबरातच येतात.