नाऊरू : भूगोल व राष्ट्रध्वज

नाऊरू : पॅसिफिक महासागरातील मायक्रोनीशिया भागातील प्रजासत्ताक. क्षेत्रफळ २१ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १२,०००. सारा देश म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेस असलेले एकच लंबगोल प्रवाळी बेट. सर्वांत जवळची जमीन, पूर्वेचे बनाबा बेट, सुमारे ३०० किमी. दूर आहे. अधिकृत राजधानी नाही. संसद यारेन जिल्ह्यात भरते.

किनाऱ्याला लागून प्रवाळखडकाचा कट्टा आहे. त्याच्या आत अरुंद सुपीक पट्टी असून बहुतेक वस्ती तिथेच आहे. त्यामागे कडा चढून गेल्यावर मधले पठार लागते. नदी एकही नाही. बुआडा हे मचूळ पाण्याचे तळे सखल भागात आहे. पाऊस लहरी असल्याने पिण्याच्या पाण्याची भिस्त छपरावरून साठवलेल्या पाण्यावर व समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रणेवर असते. पठारावरील उच्च प्रतीचे फॉस्फेट विसाव्या शतकाच्या आरंभापासून खणून परदेशी खतासाठी नेण्यात आले. मागे चुनखडीचे उघडे सुळके राहिले. तिथे शेती होत नाही आणि घरही बांधता येत नाही. या नासाडीबद्दल नाऊरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९९३ मध्ये भरपाईवर तडजोड झाली.

राष्ट्रध्वज म्हणजे जवळजवळ नकाशाच आहे. निळा रंग महासागराचा, मधला बारीक पिवळा आडवा पट्टा विषुववृत्ताचा आणि त्याखाली काठीच्या बाजूला असलेला पांढरा तारा बेटाचा. बेटाचे विषुववृत्तापासूनचे अंतर एक अंशाचे असल्याचे सहसा सांगतात. प्रत्यक्षात ते अर्ध्या अंशाहून किंचितच जास्त, म्हणजे सुमारे ५५ किमी. भरते. तारा काठीकडे असण्यातून बेट आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेस असल्याचे सुचवले आहे. अर्थात ध्वज मागून पाहिला की हा नकाशा उलटतो. ताऱ्याची बारा टोके बेटावरील बारा मूळ जमातींची आहेत. त्यांपैकी इरुत्सी व इवी आता अस्तित्वात नाहीत.

ध्वज ३१ जानेवारी १९६८ रोजी, स्वातंत्र्याच्याच दिवशी स्वीकारला गेला. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सुमारे १,२०० नाऊरूवासीयांना सक्तीने ट्रुक बेटांवर नेले होते. त्यांतील वाचलेले लोक १९४६ मध्ये याच दिवशी मायदेशी परतले होते.