पिलाटेस आणि पुण्याचे दोर

शहाड स्टेशनचा जिना चढताना कंबरेवर हात ठेवून मध्येच थांबता का? मग हे वाचा. हल्ली बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, पिलाटेस करू का?" नाव नवं वाटतं, पण प्रकार शंभर वर्षांचा आहे.

जोसेफ पिलाटेस १८८३ मध्ये जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, त्यामुळे शत्रूदेशाचा नागरिक म्हणून छावणीत स्थानबद्ध झाला. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांच्या कॉटला स्प्रिंगा बांधून त्याने त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, असं सांगतात. पुढे न्यूयॉर्कमध्ये दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येऊ लागले. पोट, कंबर आणि ओटीपोटाचे स्नायू ताब्यात ठेवून, श्वासाबरोबर सावकाश हालचाल करायची, हे त्याचं सूत्र. पद्धतीला त्याने नाव दिलं होतं 'कंट्रोलॉजी'. पिलाटेस हे नाव लोकांनी रूढ केलं.

मला यात पुणं आठवतं. बी. के. एस. अय्यंगारही लहानपणी क्षय, मलेरिया, टायफॉइडने खंगलेले. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि तिथलेच झाले. ज्याला वाकता येत नाही त्याला त्यांनी दोर, खुर्ची, लोड, लाकडी ठोकळे दिले. छावणीतली स्प्रिंग काय आणि पुण्यातला दोर काय, कल्पना एकच: अशक्त शरीराला आधार द्या, पण हलू द्या.

आम्हा डॉक्टरांना मात्र हे उशिरा पटलं. कंबर धरली की "फळीवर झोपा" हा सल्ला कित्येक वर्षं चालला. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की दोन दिवस विश्रांती घेतलेले सात दिवस झोपलेल्यांइतकेच बरे झाले, आणि कामावर लवकर गेले. तरी "डॉक्टर, हललो तर मणका सरकेल" ही भीती मी आजही रोज ऐकतो.

पिलाटेस जादू नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार जुनाट कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा त्याने बहुधा फायदा होतो, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठाम पुरावा नाही. महागडं मशीन नको, सतरंजी पुरते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, श्वास सोडताना पोट हलकं आत घ्या. पाच-सहा वेळा, रोज.

पायातली ताकद कमी होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल किंवा जांघेत बधिरपणा असेल, तर सतरंजी गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.