हेडक, जॉन क्वेंटिन

(१९ जुलै १९२९–३ जुलै २०००). अमेरिकन प्रयोगशील वास्तुशिल्पज्ञ व वास्तुविद्येचा अध्यापक. जन्म न्यूयॉर्क शहरी. तेथील कूपर युनियन या संस्थेत (१९४७–५०), पुढे सिनसिनाटी विद्यापीठात व अखेरीस हार्व्हर्ड येथे (१९५३) त्याचे शिक्षण झाले. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर रोममध्ये राहून आल्यावर १९५४ साली तो ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाला.

हार्वेल हॅमिल्टन हॅरिस हा तेथील वास्तुविद्यालयाचा प्रमुख असताना कॉलिन रो हा इंग्रज समीक्षक, बर्नहार्ड होस्ली हा स्विस वास्तुशिल्पज्ञ आणि रॉबर्ट स्लट्स्की हा चित्रकार असे तरुण अध्यापक तेथे एकत्र आले होते. पुढे ‘टेक्सस रेंजर्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींचा आग्रह असा, की इमारतीची उपयुक्तता एवढाच अभ्यासाचा विषय नसून अवकाशाची रचना ही स्वतंत्रपणे शिकविता येणारी विद्या आहे, आणि पालाद्यो व ल कॉर्ब्यूझ्ये यांच्या वास्तू किंवा घनवादी चित्रे यांच्या चिकित्सेतून तिचे नियम हाती येतात. हेडकने या काळात सिद्ध केलेला ‘नवचौकोनी’ पाठ ही त्याची सर्वांत फलदायी देणगी होय. नऊ समान चौरसांचे जाळे, त्याच्या छेदबिंदूंवर सोळा खांब, वर तुळया आणि मधे हव्या तशा बसविता येतील अशा भिंती एवढ्याच साधनसामग्रीवर नवख्या विद्यार्थ्याने मध्य व परीघ, सांगाडा व आवरण, भरीव व पोकळ यांचे परस्परसंबंध स्वतः शोधून काढावेत, अशी त्याची योजना होती. जुन्या अध्यापकांच्या विरोधामुळे हा प्रयोग अल्पावधीत मोडला आणि १९५६ मध्ये हेडकने टेक्सस सोडले. परंतु तो पाठ मात्र देशोदेशींच्या विद्यालयांच्या अभ्यासक्रमात रुजला.

विद्यार्थ्यांना घातलेला प्रश्न हेडकने स्वतःलाही घातला, हे त्याचे वैशिष्ट्य. ‘टेक्सस हाउसेस’ (१९५४–६३) या सात घरांच्या आराखड्यांत त्याने नवचौकोनी जाळ्याच्याच शक्यता तपासल्या. न्यूयॉर्क येथे आय. एम. पेई याच्या कचेरीत काम करून, पुढे कॉर्नेल व येल या विद्यापीठांत शिकवीत असताना, मॉन्ड्रिअनच्या चित्रांच्या प्रेरणेने त्याने चौरस पंचेचाळीस अंशांत फिरवून ‘डायमंड’ ही मालिका (१९६२–६७) रचण्यास प्रारंभ केला. यांपैकी एकही घर प्रत्यक्षात उभे राहिले नाही. तथापि रेखाचित्र हे बांधकामाचे निव्वळ पूर्वसाधन नसून तेच विचाराचे पूर्ण रूप होऊ शकते, हा त्याचा सिद्धान्त या आराखड्यांनी प्रस्थापित केला.

१९६४ मध्ये तो कूपर युनियनमध्ये अध्यापक म्हणून परतला. तेथील विद्यार्थ्यांच्या कामाचे न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरलेले प्रदर्शन (१९७१) आणि पीटर आइझनमन, मायकेल ग्रेव्ह्ज, चार्ल्स ग्वाथमी व रिचर्ड मायर यांच्यासह त्याच्या कामाचा परिचय करून देणारा ‘फाइव्ह आर्किटेक्ट्स’ (१९७२) हा ग्रंथ यांमुळे त्याची कीर्ती दृढ झाली, व १९७५ मध्ये तो तेथील वास्तुविद्यालयाचा अधिष्ठाता झाला. फार थोड्या इमारती बांधूनही वास्तुशिल्पज्ञांच्या अनेक पिढ्यांवर त्याने उमटविलेला ठसा हा मुख्यतः या प्रारंभीच्या दोन दशकांत अध्यापन व सर्जन यांची त्याने जी अविभाज्य सांगड घातली, तिचाच परिपाक आहे.