कोपऱ्यातले चिन्ह आणि साक्षीपुराव्याचा प्रश्न

१/ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ म्हणजे शाहूपुरी. त्या काळी तारघराची पावती एवढेच सांगे, की तार स्वीकारली गेली. ती पोहोचली की नाही, हे पावतीला ठाऊक नसे. आजच्या संगणकातील इंटरनेटचे चिन्हही असेच अर्धे सांगते. त्याचा हा इतिहास.

२/ २०२० मध्ये शाहूपुरीतील आमच्या घरी ताईच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता. पडद्याच्या कोपऱ्यात 'इंटरनेट नाही' असे चिन्ह. आबा म्हणाले, "राहू दे, उद्या बघू." पण मुदतीला 'उद्या' नव्हता. सहज ब्राउझर उघडला, तर पान उघडले! अर्ज गेला. मग चिन्ह कशाची साक्ष देत होते?

३/ विंडोज एक्सपी (२००१) मध्ये दोन छोट्या पडद्यांचे चिन्ह माहितीची ये-जा होताना लुकलुकत असे. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने 'मर्यादित जोडणी'चा इशारा आणला. राउटरकडून पत्ता न मिळाल्यास संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेई आणि इशारा झळके. म्हणजे साक्ष फक्त घरातल्या घरातली. उंबऱ्याबाहेरची तार तुटली, तरी चिन्ह निश्चिंत.

४/ जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टाने पद्धत बदलली. संगणक मायक्रोसॉफ्टच्या ठरावीक सर्व्हरकडून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवू लागला. तीत 'मायक्रोसॉफ्ट एनसीएसआय' एवढेच शब्द असत. ते जसेच्या तसे आले, तर इंटरनेट आहे. नाही तर नाही.

५/ गोम येथेच आहे. अवघ्या जगाविषयीचा निवाडा एका फाइलीवर! व्हीपीएन, प्रॉक्सी किंवा फायरवॉलने तेवढीच वाट अडवली, तरी 'इंटरनेट नाही'. उलट, फाइल इवलीशी असल्याने रखडत चालणाऱ्या जोडणीवरही 'सर्व ठीक'.

६/ भारतात २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली. त्यानंतर आठवडाभरातच, ३० मार्चला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरची दुरुस्ती दिली. प्रॉक्सी, विशेषतः व्हीपीएन, वापरणाऱ्या संगणकांवर जोडणीची स्थिती चुकीची दिसू शकत होती. काही कार्यक्रमांना इंटरनेटच मिळत नव्हते. जग घरून काम करू लागले, नेमके तेव्हाच.

७/ म्हणून पुरावा क्रमाने तपासावा:
• दोन भिन्न संकेतस्थळे उघडून पाहावीत.
• मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वायफायवर तेच करावे.
• आधी राउटरला, मग ८.८.८.८ ला पिंग करावे. आकड्याला उत्तर येते, पण नावाला येत नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा.
• सारे चालते आणि चिन्हच नाही म्हणते, तर व्हीपीएन व प्रॉक्सी बंद करून पाहावे.

८/ आमच्याकडे आबांच्या कामाचे व्हीपीएन चालू राहिले होते. ते बंद करताच चिन्ह ताळ्यावर आले. रजिस्ट्रीत जाऊन ही तपासणीच बंद करण्याचा उपाय काही जण सुचवतात. पण साक्षीदाराचे तोंड बांधल्याने सत्य कळत नाही.

९/ बखर वाचताना आपण विचारतो: लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले, आणि ऐकीव काय लिहिले? कोपऱ्यातल्या चिन्हालाही हाच प्रश्न विचारावा. ते खोटे बोलत नाही. त्याला एकच प्रश्न विचारलेला असतो, आणि आपण त्याचे उत्तर भलत्याच प्रश्नाला लावतो.